कोयऱ्यांचं जाजम

एका गावात दोन जावा राहत होत्या. घरं भिंतीला भिंत लागून, पण एका घरात दुधाला साय आणि दुसऱ्या घरात ताकालाही मोजमाप.

थोरलीचं नाव द्वारका. तिचा नवरा गुळाचा व्यापार करायचा आणि गूळ काही कधी कडू होत नाही. धाकटीचं नाव येसू. तिचा नवरा हैबती भाड्याने बैलगाडी हाकायचा. बैलांच्या पोटातून उरेल ते येसूच्या घरात यायचं.

द्वारका मनाने वाईट नव्हती हो. पण तिला नव्याची भारी हौस. नवं आलं की जुनं तिच्या डोळ्यांत खुपायला लागायचं. मग ती परसातल्या भिंतीवरून हाक मारायची, "येसू, अगं हे ने बाई. मला अडचण होते."

येसू न्यायची. अडचण एका घरातून उठायची आणि दुसऱ्या घरात येऊन बसायची. असं करता करता येसूच्या घरात एक आरसा आला, त्याच्या कडांना काळे डाग पडलेले. काचमण्यांचं एक तोरण आलं, त्यातले निम्मे मणी गळून गेलेले. काळवंडलेली एक समई आली. रंगाचे पोपडे उडालेला, गौर बसवायचा छोटा झोपाळा आला. आणि एक जाजम आलं. जाजम चांगलं ऐसपैस होतं, पण शेगडीतला निखारा पडून मधोमध त्याला वाटीएवढं भोक पडलं होतं.

त्या गावात चैत्र आला की घरोघर गौर बसायची. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आरास व्हायची. बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायच्या, आंब्याची डाळ खायच्या, पन्हं प्यायच्या आणि सगळ्या गावाच्या बातम्या एकमेकींच्या ओटीत घालून घरी यायच्या. ज्या घरी बायका जास्त वेळ बसल्या, त्या घरची आरास चांगली, असा साधा हिशेब होता.

येसूकडे मात्र कुणी बसायचंच नाही. एका वर्षी पाटलीणबाई आल्या, जाजमावर चालत गौरीकडे निघाल्या आणि त्यांचं जोडवं नेमकं त्या भोकात अडकलं. पाटलीणबाई एकीकडे, पन्ह्याचा पेला दुसरीकडे! बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून येसूकडे आल्या की उंबऱ्यातूनच म्हणायच्या, "लाव गं बाई कुंकू, घाई आहे." आणि पुढच्या घरी जाऊन तासभर फतकल मारून बसायच्या. येसूच्या डाळीचं पातेलं भरलेलं तसंच राहायचं. रात्री हैबती तीच डाळ भाकरीबरोबर खायचा आणि म्हणायचा, "झकास झालीये हो!" तो आपली समजूत घालतोय हे येसूला कळायचं आणि जास्तच रडू यायचं.

तिला रेशमी पडदे नको होते. चांदीची ताटं नको होती. गावातल्या बायकांनी आपल्या घरात येऊन खाली बसावं, एवढंच तिला हवं होतं.

एका वर्षी फाल्गुनातच तिने पदर खोचला. "हैबतराव," ती नवऱ्याला म्हणाली, "यंदा माझ्या घरातून कुणी उभ्या उभ्या जाणार नाही."

"मग काय, जाजम नवं आणायचं?"

"नवं कुठलं? आहे तेच नवं करायचं."

आता गंमत बघा. उत्साह दांडगा, पण पहिलाच डाव फसला. झोपाळ्याला रंग द्यायचा म्हणून येसूने गेरू कुटला आणि घरात होतं त्या गोड्या तेलात कालवला. झोपाळा असा लालबुंद झाला की ती खूश. पण गोडं तेल कधी वाळतं का? दुसऱ्या दिवशी ओलं, चौथ्या दिवशी ओलं. त्याच्यावर माश्या चिकटल्या, मग मुंग्या आल्या. एक दिवस मांजर त्याला अंग घासून गेलं आणि गावभर तांबडं होऊन हिंडलं. द्वारकेने भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाली, "येसू, तुझं मांजर रंगपंचमी खेळून आलं की काय गं?"

येसूने ओठ आवळले. काचेचा तुकडा घेतला आणि गेरू खरवडायला बसली. गेरू निघाला, खालचा जुना रंग निघाला, त्याच्याही खालचा निघाला. आणि मग आतलं लाकूड दिसलं. अस्सल सागवान होतं ते! त्याच्या रेषा अशा सुंदर, की त्यावर रंग फासणाऱ्याचे हात धरायला हवे होते. येसूने त्याला जवसाचं तेल चोळलं. जवसाचं तेल वाळतं, हे तिने आता सुताराला विचारून घेतलं होतं. झोपाळा मधासारखा चमकायला लागला.

तिथून तिला उमज पडला. जुन्या वस्तूवर काहीतरी फासून ती नवी होत नाही. तिचं चांगलं काय आहे ते आधी शोधावं लागतं.

समईला चिंच आणि राख लावून तिने असं घासलं, की तिच्यात तोंड दिसावं. आरशाच्या कडांचे काळे डाग काही जाईनात. मग तिने चुना आणि डिंक कालवून त्या कडांवरून एक वेल चढवली. जिथे डाग मोठा तिथे पान मोठं. तोरणातले गळलेले मणी आणायला पैसे नव्हते. पण गेल्या थंडीत खाल्लेल्या सीताफळांच्या बिया तिने गाडग्यात ठेवल्या होत्या. भिजवल्या, तापल्या सुईने टोचल्या आणि मण्यांच्या मधे मधे ओवल्या. काचेच्या हिरव्या मण्यांत त्या काळ्याभोर बिया अशा उठून दिसल्या, की जणू तोरण आधीपासून तसंच होतं.

राहिलं जाजम. भोक मोठं, दुष्ट आणि मधोमध. येसूने शिंप्याकडून खणांची कातरणं मागून आणली. चैत्र म्हणजे आंब्याचा महिना, म्हणून तिने एक कोयरी कापली आणि भोकावर शिवली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. भोक गेलं, पण आता तिथे ठिगळ दिसत होतं. सगळ्या जाजमावर नजर फिरायची आणि त्या एका कोयरीवर येऊन अडायची.

येसू तिथेच मटकन बसली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. एवढं करून शेवटी ठिगळ ते ठिगळच!

हैबती बैलांना पाणी पाजून आत आला. त्याने जाजम पाहिलं, बायकोचं तोंड पाहिलं. "एकटीच आहे बिचारी," तो कोयरीकडे बोट दाखवून म्हणाला. "म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात."

येसूने डोळे पुसले. खरंच की! एकटं ठिगळ ठिगळ दिसतं, चार जमली तर नक्षी होते. तिने पुन्हा कात्री घेतली. जांभळ्या खणाच्या, हिरव्या खणाच्या, आमसुली खणाच्या कोयऱ्या कापल्या. जिथे भोक नव्हतं, तिथेही शिवल्या. फाल्गुन सरेपर्यंत सगळ्या जाजमावर कोयऱ्यांनी फेर धरला आणि त्यातली भोकावरची कोणती, हे येसूलाही वाकून शोधावं लागलं. खर्च झाला तो सुई-दोऱ्याचा आणि वाटीभर जवसाच्या तेलाचा.

त्या वर्षी गावात आणखी एक गोष्ट घडायची होती. गावच्या देवीच्या आरासीचा मान अनसूया गुरवीण सांभाळायची. देवळाच्या गुरवाची ती आई. जत्रेला देवीचं मखर तिने सजवायचं, पालखीची गादी तिने घालायची आणि पालखी निघाली की पुढे दिवा घेऊन तिनेच चालायचं. पण आता म्हातारीचे हात कापायला लागले होते. सुईत दोरा जाईना. तिने सांगून टाकलं, "यंदा सगळ्या घरची हळदीकुंकवं बघीन आणि एकीच्या हातात हा मान देईन."

झालं! गावातल्या बायकांना दुसरा विषय उरला नाही. द्वारकेने तर मनात पालखीपुढे चालायलाही सुरुवात केली. तिने नवऱ्याला शहरात पिटाळलं आणि सगळं नवंकोरं आणवलं. नवं जाजम, नव्या समया, नवा झोपाळा, झालरीचे पडदे.

द्वारकेच्या हळदीकुंकवाला बायका लोटल्या. पण दारातच द्वारका उभी. "पाय पुसून या हं. मुलांना बाहेरच ठेवा, पडद्यांना हात लावतात. पन्हं ओटीवरच घ्या, जाजमावर सांडेल." जाजमावर तिने जुनी चादर घातली होती, आणि समया पेटवल्या नव्हत्या, कारण काजळी धरली असती. बायका चादरीच्या कडेकडेने गेल्या, गौरीला हात जोडले आणि बाहेर आल्या. बसायचं धाडस कुणाला झालं नाही.

अनसूया गुरवीण सगळं डोळे बारीक करून बघत होती. "फार छान गं. कुठून आणलंस हे?"

"शहरातून, मावशी! मोठ्या पेठेतून," द्वारका म्हणाली. "गावात असलं मिळतं कुठे?"

"नाही हो, गावात नाही मिळत," गुरवीण म्हणाली आणि कुंकू लावून घेऊन निघाली.

येसूच्या हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी द्वारका सहज डोकावली. उंबऱ्यातच तिचे पाय थबकले. झोपाळ्यात गौर बसलेली, बाजूला समई तेवतेय, आरशाच्या वेलीतून उजेड खोलीभर पसरलाय, आणि खाली कोयऱ्यांचं जाजम. द्वारकेने एकेक वस्तू ओळखली. आधी ती हरखली आणि मग घाबरली.

"येसू, लोक विचारतील हे कुठून आणलं म्हणून."

"विचारू देत की, जाऊबाई. सांगेन तुम्ही दिलं."

"अगं वेडे! म्हणजे लोक काय म्हणतील? गुळाच्या राशीवर बसलेली थोरली, आणि धाकटीला दिलं काय, तर भोक पडलेलं जाजम! माझ्या नाकाचा प्रश्न आहे हा. सांग बाजारातून घेतलं. तुझाही मान राहील, माझाही राहील." तिने आवाज खाली आणला. "माझ्या नव्या समयांची जोडी तुला देते. आणि ऐकायचं नसेल, तर माझा उंबरा तुला बंद. सांगून ठेवते!"

द्वारका तरातरा गेली. येसू झोपाळ्याशी उभी राहिली. खोटं कशाला म्हणावं, तिचं मन डळमळलं. सोपी गोष्ट होती. एक वाक्य बोलायचं, की गावाच्या डोळ्यांत ती बाजारातून जाजम आणणारी बाई होणार होती. वर पितळी समयांची जोडी. खरं बोललं, तर बायका पुन्हा पदर तोंडाला लावणार, आणि थोरल्या जावेचं दार कायमचं बंद होणार. अडीअडचणीला, बाळंतपणाला तेच तर एक घर होतं.

ऊन कललं तशा बायका आल्या. सवयीने उंबऱ्यातच थांबल्या. "लाव गं बाई कुंकू, घा..." पहिलीचं वाक्य अर्धंच राहिलं. तिची नजर जाजमावर गेली होती. ती आत आली. तिच्यामागून दुसरी आली. पाटलीणबाईंनी जाजमावर एक पाऊल जपून टाकलं, मग दुसरं टाकलं, आणि मग ऐसपैस मांडी घालून बसल्या. येसूच्या काळजात लख्ख झालं. डाळीचं पातेलं पुढे आलं. मुलं आत आली आणि आरशात वाकुल्या दाखवायला लागली. कुणी कुणाला हटकलं नाही.

द्वारकाही आली होती. ती कोपऱ्यात बसून येसूकडे टक लावून बघत होती.

मग अनसूया गुरवीण आली. तिला डोळ्यांनी कमीच दिसायचं, पण बोटांनी सगळं दिसायचं. तिने जाजमावर हात फिरवला. फिरत फिरत बोटं मधल्या कोयरीवर आली आणि थांबली.

"कुठून आणलंस गं हे?"

येसूने द्वारकेकडे पाहिलं. द्वारकेच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, नुसती भीती होती. येसूने जाजमाकडे पाहिलं. रोज दुपारी वाकून घातलेले टाके तिला दिसले. हे सगळं बाजाराने केलं म्हणून सांगायचं? आपल्याच हातांना नाही म्हणायचं? तिची मान आपोआप ताठ झाली.

"मावशी, हे विकत आणलेलं नाही. आमच्या जाऊबाईंनी दिलं. आरसा, समई, झोपाळा, तोरण, सगळं त्यांनीच दिलं. त्यांनी दिलं नसतं, तर माझी गौर जमिनीवर बसली असती. जुनं होतं. नवं मी केलं."

"आणि इथे काय होतं?" गुरविणीचं बोट अजून त्याच कोयरीवर होतं.

"तिथे भोक होतं," येसू म्हणाली. "पाटलीणबाईंना ठाऊक आहे."

मग पाटलीणबाई अशा खळखळून हसल्या, की त्यांच्या हातातलं पन्हं पुन्हा एकदा सांडलं. "अगं बाई, तेच का हे जाजम! माझं बोट आठ दिवस ठणकत होतं की गं!" सगळ्या हसल्या, पण या वेळी तोंडाला पदर कुणी लावला नाही. एकीने जाजमाचं टोक उलटून टाके पाहिले. एक म्हणाली, "माझ्याकडे माळ्यावर असलंच एक पडलंय, मला शिकव ना." सीताफळाच्या बियांना भोक कसं पाडलं, यावर तर दोघींचं भांडणच जुंपलं. दिवेलागण झाली तरी कुणी उठेना.

गुरविणीने येसूला जवळ बसवलं. "पोरी, देवीने आजवर कधी काही विकत घेतलंय का गं? तिचं लुगडं कुणीतरी दिलेलं, तिची समई कुणीतरी दिलेली. पालखीची गादी तर चार ठिकाणी उसवलीये. देवळात पैसा नाही, पेटीभर जुनं मात्र आहे. मला शहरातून आणणारी नको होती. आहे त्याचं सोनं करणारी हवी होती, आणि आणखी एक हवं होतं. देणाऱ्याचं नाव न विसरणारी. तू आज विकत आणलं म्हणाली असतीस ना, तर मी कुंकू लावून उठले असते."

असं म्हणून तिने कनवटीची पेटीची किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत येसूच्या ओंजळीत ठेवली. येसूने वाकून म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठली आणि तशीच जाऊन द्वारकेच्याही पाया पडली. द्वारकेने तोंड फिरवलं, पण पाय मागे घेतले नाहीत.

जत्रेपर्यंत द्वारका काही येसूशी बोलली नाही. भिंतीवरून हाक आली नाही. समया तर नाहीच नाही. येसू देवळात बसून देवीला आलेल्या जुन्या लुगड्यांचे काठ उसवत होती, जोडत होती. पालखीच्या उसवलेल्या गादीवर तिने त्या काठांची मोठी कमळं शिवली.

जत्रेच्या दिवशी पालखी निघाली. पुढे हलगी कडाडत होती आणि पालखीपुढे दिवा घेऊन येसू चालत होती, भाड्याची गाडी हाकणाऱ्या हैबतीची बायको. अंगावर नेहमीचंच लुगडं होतं, पण मान अशी होती, की पाहणाऱ्याने बाजूला व्हावं. हैबती गर्दीत दिसेल त्याला सांगत होता, "ती बघा, आमच्या घरातली!" म्हणजे जणू सांगितलं नसतं, तर कुणाला कळलंच नसतं.

देवळाच्या पायरीवर परगावच्या पाहुण्या बायका उभ्या होत्या. एकीने शेजारणीला विचारलं, "काय सुरेख गादी आहे हो पालखीची! कुणी केली?"

शेजारीण होती द्वारका. तिने पदर सारखा केला आणि छाती पुढे काढली.

"माझ्या धाकट्या जावेने केली. तिच्या घरचं जाजम बघाल, तर बोटं तोंडात घालाल. आणि ते जाजम तिला दिलं कुणी? मी!"

"असं? नवंच दिलंत?"

"नवं?" द्वारका ठसक्यात म्हणाली. "नवं काय, कुणीही देईल हो! मी भोकासकट दिलं होतं."

तात्पर्य: दुसऱ्याची जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही, ती कुठून आली हे लपवण्यात आहे. मिळालेल्या जुन्याला आपले कष्ट लावावेत, देणाऱ्याचं नाव घ्यावं आणि ताठ मानेने मिरवावं. लपवलं तर ते ठिगळच राहतं, मिरवलं की त्याची नक्षी होते.